५.४ वरून ६.१२ वर आल्यावर रेकबफ्सला २ मागितले तर ३ बफर मिळतात, जुना प्रोग्राम कोसळतो

फ्रेमपकड:

नमस्कार मंडळी. लिनक्सवर पीसीआयई कॅप्चर कार्डाचा (बाहेरचा व्हिडिओ संगणकात घेणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर आहे. मुख्य कर्नलमध्ये नाही, वेगळा मॉड्यूल म्हणून बांधावा लागतो. तो कर्नल ५.४ वरून ६.१२ वर आणला आहे. बफर सांभाळायला आधीपासून व्हीबी२ (कर्नलच्या व्हिडिओ-चौकटीतली, म्हणजे व्ही४एल२ मधली, बफर-लायब्ररी), मेमरी डीएमए-एसजी प्रकारची (विखुरलेली पाने, कार्ड त्यांत थेट लिहिते). फॉरमॅट १९२०×१०८०, यूवायव्हीवाय, सेकंदाला ५० फ्रेम.

बांधणीसाठी फार काही बदलावे लागले नाही. 'मिन_बफर्स_नीडेड = २' होते ते आता 'मिन_क्यूड_बफर्स = २' केले. रांगेतल्या बफरांच्या अॅरेला थेट हात घातला होता, तिथे 'व्हीबी२_गेट_बफर' वापरले. नवे प्रोग्राम व्यवस्थित चालतात.

घोडे अडले आहे ते जुन्या दर्शक-प्रोग्रामपाशी. तो ३२-बिट बायनरी आहे, सोर्स उपलब्ध नाही, आणि तो चालूच ठेवायचा आहे. एसट्रेसमध्ये (प्रोग्रामचे कर्नलला जाणारे कॉल दाखवणारे साधन) असे दिसते:

– ५.४ वर: रेकबफ्स (बफर मागण्याचा कॉल), मागितले २, मिळाले २. पुढे सगळे सुरळीत.
– ६.१२ वर: मागितले २, मिळाले ३. तीन वेळा क्वेरीबफ (बफरची माहिती विचारणे), तीन वेळा एमएमॅप (तो प्रोग्रामच्या मेमरीत जोडणे), आणि लगेच सेगमेंटेशन फॉल्ट.

शिवाय तीन प्रश्न:

१) ड्रायव्हरची एक खाजगी आयओसीटीएल (ड्रायव्हरला आज्ञा देणारा कॉल) आहे, ती या बायनरीकडून आली की एनओटीटीवाय ('असा कॉल नाही' हा एरर-कोड) मिळते. ६४-बिट चाचणी-प्रोग्रामकडून चालते.
२) कार्ड आता प्रत्येक फ्रेमसोबत सिग्नलच्या गुणवत्तेचे १६ बाइट देते. ते बफरच्या स्ट्रक्चरमधल्या 'रिझर्व्ह्ड२' मध्ये बसवावेत का?
३) नव्या प्रोग्रामला ६४ बफर हवे आहेत. जुन्याला धक्का न लावता देता येतील का?

---

रांगेतला_बफर:

आधी कोसळण्याचे बघू, बाकीचे त्यानंतर.

५.४ मध्ये 'मिन_बफर्स_नीडेड' ही एकच संख्या दोन कामे करायची. एवढे बफर रांगेत आल्याशिवाय 'स्टार्ट_स्ट्रीमिंग' बोलवायचे नाही, आणि रेकबफ्सने किमान एवढे बफर द्यायचे. तुमच्याकडे ती २ होती, म्हणून २ मागितल्यावर २ च मिळायचे.

६.१२ मध्ये ही दोन कामे वेगळी झाली आहेत. 'मिन_क्यूड_बफर्स' पहिले काम करते, 'मिन_रेकबफ्स_अलोकेशन' दुसरे. रांग तयार होताना गाभा (कर्नलमधला सामाईक कोड) दुसरी संख्या किमान २ करतो आणि ती 'मिन_क्यूड_बफर्स + १' पेक्षा कमी असेल तर तिथपर्यंत वाढवतो. कारण रास्त आहे: हार्डवेअरने दोन धरून ठेवले तर प्रोग्रामच्या हातात एक तरी उरला पाहिजे. तुमच्या बाबतीत २ + १ = ३. प्रोग्रामने बहुधा दोनच खणांचा अॅरे ठेवला आहे आणि परत आलेल्या संख्येइतके फेरे मारले आहेत, त्यामुळे तिसरा एमएमॅप अॅरेच्या बाहेर लिहिला गेला.

नियमाप्रमाणे पाहिले तर कर्नलचे चुकलेले नाही. रेकबफ्स मागितल्यापेक्षा जास्त किंवा कमी देऊ शकते, हे पहिल्यापासून लिहिलेले आहे. पण तुमची बायनरी कागदावरच्या नियमावर चालत नव्हती, प्रत्यक्ष मिळणाऱ्या २ वर चालत होती. तेव्हा ते २ परत मिळवून द्यायचे काम ड्रायव्हरचे.

उपाय: 'मिन_क्यूड_बफर्स' २ वरून १ वर आणा. मग गाभ्याचे किमान २ च राहते. अडचण एवढीच की हार्डवेअरला दोन पत्ते खरोखर लागत असणार, एक चालू फ्रेमचा आणि एक पुढच्या फ्रेमसाठी लॅच होणारा (कार्ड उचलून पक्का करते तो). त्या दुसऱ्या जागी रद्दी बफर द्या, म्हणजे ज्यात लिहिलेले कोणी वाचत नाही असा.

तुमची मेमरी एसजी आहे म्हणून हे स्वस्तात होते. पूर्ण फ्रेम १९२०×१०८०×२ = ४१,४७,२०० बाइट, ४ केबीची १,०१३ पाने. रद्दी बफरसाठी एवढी मेमरी लागत नाही. एकच पान घ्या आणि डिस्क्रिप्टर-तक्त्यातल्या (कार्डाला पानांचे पत्ते सांगणाऱ्या) सगळ्या १,०१३ नोंदी त्याच पानाकडे वळवा. हार्डवेअर तेच ४ केबी पुन्हा पुन्हा पुसत राहील. सलग भौतिक मेमरी मागणारे कार्ड असते तर मात्र पूर्ण फ्रेमइतके वाटप करावे लागले असते.

करायचे असे:

– रद्दीचे पान आणि तिचा तक्ता 'स्टार्ट_स्ट्रीमिंग' मध्ये तयार करा. तोवर फ्रेमचा आकार पक्का झालेला असतो. त्यासाठी एस-एफएमटी (फॉरमॅट बदलण्याचा कॉल) मध्ये 'व्हीबी२_इज_बिझी' तपासून ईबिझी ('व्यस्त' हा एरर-कोड) परत करणे आवश्यक आहे. ते नसेल तर आधी घाला.
– ड्रायव्हरमध्ये दोन पॉइंटर ठेवा, 'चालू' आणि 'पुढचा'. रांगेत बफर नसेल तेव्हा 'पुढचा' रद्दीकडे.
– फ्रेम रद्दीत गेली तरी 'सीक्वेन्स' (फ्रेमचा क्रमांक) एकने वाढवाच. प्रोग्रामला गळलेली फ्रेम त्या फटीवरूनच कळते.
– 'स्टार्ट_स्ट्रीमिंग' मध्येच अपयश आले तर घेतलेले सगळे बफर 'क्यूड' अवस्थेत परत करा. 'स्टॉप_स्ट्रीमिंग' मध्ये 'एरर' अवस्थेत. यात गल्लत झाली की व्हीबी२ लॉगमध्ये मोठी वॉर्निंग टाकते.
– थांबवताना क्रम महत्त्वाचा: डीएमए बंद, चालू हस्तांतरण संपल्याची खात्री, बफर परत, आणि रद्दी सर्वांत शेवटी मोकळी. रद्दी आधी सोडली तर कार्ड दुसऱ्या कोणाच्या पानावर लिहील.

दोन आडवाटा टाळा. 'व्हीबी२_क्यू_इनिट' झाल्यावर 'मिन_रेकबफ्स_अलोकेशन' हाताने २ करता येते आणि आज ते चालेलही, पण गाभ्याने ठरवलेली संख्या मागाहून खोडण्यावर पुढच्या कर्नलमध्ये कसलाच भरवसा नाही. दुसरी, रेकबफ्सभोवती स्वतःचे फंक्शन घालून ३ चे २ सांगणे. मग २ क्रमांकाचा बफर क्वेरीबफला सापडतो पण मोजणीत नसतो, आणि हे खोटे नव्या प्रोग्रामांच्याही माथी पडते.

हार्डवेअरमुळे रद्दी बफर अशक्यच असेल तर फरक यूजरस्पेसमध्ये मिटवा. एलडी-प्रीलोडने चढवायची छोटी लायब्ररी लिहा, जी फक्त त्या प्रोग्रामसाठी रेकबफ्सच्या उत्तरातले ३ बदलून २ करते. तिसरा बफर पडून राहील, दोन रांगेत आल्यावर स्ट्रीम सुरू होईल, म्हणजे ५.४ सारखेच. बायनरी ३२-बिट आहे म्हणून लायब्ररीही ३२-बिटच हवी. बायनरी स्टॅटिक जोडणीची असेल तर ही वाट बंद.

---

एबीआय_राखण:

प्रश्न १ आणि २ एकाच दुखण्याचे आहेत, म्हणून एकत्र.

आयओसीटीएलच्या क्रमांकातच स्ट्रक्चरचा आकार असतो. क्यूबफसाठी (बफर रांगेत टाकण्याचा कॉल) ६४-बिटवर बफरचे स्ट्रक्चर ८८ बाइट, ३२-बिटवर ६८, आणि ६४-बिट वेळ वापरणाऱ्या ३२-बिट प्रोग्रामात एक्स८६ वर ७६, एआरएमवर ८०. एसट्रेसला क्रमांक कच्च्या हेक्समध्ये छापायला सांगितले तर हे आकार ५८, ४४ आणि ४सी (एआरएमवर ५०) असे दिसतील. जुन्या बायनरीकडून ४४ येत असेल तर तो जुन्या वेळेचा ६८ बाइटांचा साचा. या तिन्हींचे भाषांतर व्ही४एल२ चा गाभा करतो. ६४-बिट वेळेच्या साच्याची सोय ५.६ पासून आहे. तिथे ड्रायव्हरने काही करायचे नाही.

खाजगी आयओसीटीएलचे तसे नाही. क्रमांक १९२ पासून पुढचे कॉल ३२-बिट वाटेने आले की गाभा ड्रायव्हरच्या 'कम्पॅट_आयओसीटीएल३२' कडे बघतो. ते रिकामे असेल तर एनओटीटीवाय. तुमच्या स्ट्रक्चरची मांडणी दोन्हीकडे तंतोतंत सारखी असेल तर तिथे 'व्हिडिओ_आयओसीटीएल२' च लावणे पुरते. आयव्हीटीव्ही ड्रायव्हर तसेच करतो.

'सारखी आहे' हे नजरेने ठरवू नका. एक ३२-बिट आणि त्यानंतर एक ६४-बिट फील्ड, एवढे साधे स्ट्रक्चर एक्स८६ च्या ३२-बिटवर १२ बाइटांचे होते आणि ६४-बिटवर १६ चे, कारण तिथे ६४-बिट संख्या ४ च्या पटीत बसते, इथे ८ च्या. आकार बदलला की क्रमांक बदलला, आणि कॉल ओळखलाच जात नाही. 'लाँग', पॉइंटर, 'टाइमव्हॅल' यांतले काही आत असेल तरी हेच. दोन्ही बांधण्या करून पॅहोलने मांडणी छापा आणि ओळीला ओळ ताडून बघा. फरक निघाला तर जुने स्ट्रक्चर आहे तसे राहू द्या, ३२-बिट साचा वेगळा लिहा आणि 'कम्पॅट_आयओसीटीएल३२' मध्ये एकातून दुसऱ्यात उतरवा. आधीच बाहेर गेलेल्या स्ट्रक्चरमध्ये मागाहून भरणा घालून ते 'दुरुस्त' करू नका, त्याने चालू ६४-बिट प्रोग्राम तुटतील.

आता 'रिझर्व्ह्ड२'. नको. तिथे जागा ४ बाइटांची, तुम्हाला १६ हव्यात. आणि बसले असते तरी ती जागा तुमची नाही, व्ही४एल२ ची आहे. ती उद्या गाभ्याने वापरली तर दोन अर्थ एकाच फील्डवर आदळतील.

राखीव फील्ड पुढे कसे वापरतात हे याच स्ट्रक्चरवरून शिकता येते. शेवटचे राखीव फील्ड ४.२० मध्ये 'रिक्वेस्ट_एफडी' झाले. नुसते नाव बदलून चालले नसते, कारण जुने प्रोग्राम तिथे ० ठेवतात आणि ० हा वैध फाइल-डिस्क्रिप्टर आहे. म्हणून वेगळा फ्लॅग आला: तो उभा असेल तरच फील्ड वाचायचे. जुना प्रोग्राम तो फ्लॅग लावत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी काहीच बदलले नाही. क्रिएट-बफ्सच्या (आणखी बफर बनवण्याच्या कॉलच्या) स्ट्रक्चरचेही तसेच. ८ राखीव शब्दांतून आधी 'कॅपेबिलिटीज', मग 'फ्लॅग्ज', मग 'मॅक्स_नम_बफर्स' निघाले, आता ५ उरलेत, एकूण आकार जसाच्या तसा. स्वतःच्या स्ट्रक्चरलाही हीच शिस्त लावा आणि राखीव जागेत शून्याशिवाय काही आले तर पहिल्या दिवसापासून ईइनव्हल ('चुकीचे मूल्य' हा एरर-कोड) द्या. ती तपासणी सुरुवातीला राहिली असेल तर आता घालू नका. कचरा पाठवणारे प्रोग्राम आजवर चालत आले आहेत, ते बंद पडतील. तिथे फ्लॅगचाच मार्ग.

१६ बाइटांसाठी योग्य जागा म्हणजे मेटाडेटा नोड (फ्रेमबद्दलची माहिती देणारी वेगळी उपकरण-फाइल). मेटा-कॅप्चर प्रकारची रांग ४.१२ पासून आहे. व्हिडिओ आणि मेटाडेटाच्या बफरांना एकच 'सीक्वेन्स' द्या, प्रोग्राम त्यावरून जोड्या लावेल. मात्र इथे एक खड्डा आहे. यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांच्या) ड्रायव्हरने ४.१६ मध्ये मेटाडेटा नोड आणले तेव्हा एका कॅमेऱ्याला दोन व्हिडिओ नोड दिसू लागले आणि पुढच्या उपकरणांचे क्रमांक सरकले. ज्या प्रोग्रामांत नोडचा क्रमांक थेट लिहिला होता ते चुकीचे दार ठोठावू लागले. एका यंत्रात दोन कार्डे असतील तर तुमच्याकडेही हेच होईल. मेटाडेटा नोड मॉड्यूल पॅरामीटर दिला तरच नोंदवा, मूळ स्थिती बंद ठेवा. शिवाय जुन्या प्रोग्रामला यूडेव्हचा (उपकरणांना नावे देणाऱ्या सेवेचा) स्थिर दुवा देता आला तर उत्तमच.

---

सहा_बारा:

३) ६४ बफर: रांग तयार करण्याआधी 'मॅक्स_नम_बफर्स = ६४' लिहा. न लिहिल्यास पूर्वीचेच ३२. जुना प्रोग्राम २ मागतो, त्याला २ च मिळतील. त्याच्या बाजूने धोका नाही.

धोका ड्रायव्हरच्या पोटात असतो. बफरच्या इंडेक्सने चालणारा ३२ खणांचा अॅरे कुठे आहे का ते शोधा. डिस्क्रिप्टर-तक्त्यांचे पत्ते अशा अॅरेत ठेवायची सवय सर्रास आहे, आणि ३३ वा बफर आला की शेजारच्या मेमरीवर लिहिले जाते, तेही गाजावाजा न करता. प्रत्येक बफरची माहिती त्याच्याच स्ट्रक्चरमध्ये ठेवा: पहिला सदस्य 'व्हीबी२_व्ही४एल२_बफर', त्यापुढे तुमची फील्ड, आणि 'बफ_स्ट्रक्ट_साइझ' मध्ये पूर्ण आकार. ६.१० पासून मधलेच बफर काढून टाकायची सोय आली आहे. ती चालू केली तर इंडेक्स सलग राहत नाहीत, तेव्हा ० पासून मोजणीपर्यंत फिरणारे लूपही तपासा.

६४ बफर म्हणजे ६४ × ४१,४७,२०० = २६,५४,२०,८०० बाइट, सुमारे २५३ एमआयबी. एसजी असल्याने सलग मेमरीची चिंता नाही.

नवा प्रोग्राम क्रिएट-बफ्स वापरणार असेल तर 'क्यू_सेटअप' कडे नीट बघा. तिथे प्लेनची संख्या शून्य नसताना बोलावणे आले तर आकार प्रोग्रामने दिलेला असतो. तो फक्त तपासायचा, लहान असेल तर ईइनव्हल. पुष्कळ जुने ड्रायव्हर त्यावर डोळे मिटून स्वतःचा आकार लिहितात.

आणखी एक, एसट्रेस हाताशी आहे तर एमएमॅपचा ऑफसेट बघून घ्या. क्वेरीबफने दिलेला आकडा ही नुसती खूण आहे. त्याची रचना गाभ्याने अलीकडे बदलली आहे. इंडेक्स गुणिले लांबी असा ऑफसेट स्वतः काढणारे जुने प्रोग्राम पाहण्यात आहेत, ते ६.१२ वर एमएमॅपलाच अडतात.

---

फ्रेमपकड:

मनापासून आभार. ऑफसेट क्वेरीबफचाच वापरतो, तपासले. 'कम्पॅट_आयओसीटीएल३२' लावल्यावर खाजगी कॉल चालू झाला. पॅहोलमध्ये मांडणी सारखी निघाली, दोन्हीकडे २४ बाइट.

रद्दी बफर बसवला, रेकबफ्स २ ला २ देते, कोसळणे थांबले. पण आता अधूनमधून फाटलेले चित्र येते: वरचा भाग पुढच्या फ्रेमचा, खालचा मागच्या. यंत्रावर भार असताना जास्त. इंटरप्ट फ्रेम संपल्यावर येतो, त्यात 'चालू' पूर्ण म्हणून देतो, 'पुढचा' चा 'चालू' करतो आणि नवा पत्ता रजिस्टरमध्ये लिहितो.

---

रांगेतला_बफर:

क्रम बरोबर आहे, वेळ चुकते आहे. तुमचे कार्ड पत्ता लॅच करते ते पुढची फ्रेम सुरू होताना. १०८०पी मध्ये एकूण १,१२५ ओळी, त्यातल्या ४५ कोऱ्या. ५० फ्रेमला एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, म्हणजे इंटरप्टपासून लॅचपर्यंत हाती येतात फक्त ०.८ मिलिसेकंद. भाराखाली इंटरप्ट त्याहून उशिरा पोचला की रजिस्टरमध्ये जुनाच पत्ता असतो आणि तोच पुन्हा लॅच होतो. तुमचा कोड समजतो की हार्डवेअर नव्या बफरवर गेले. प्रत्यक्षात ते 'पुढचा' मध्येच दुसऱ्यांदा लिहीत असते, आणि पुढच्या इंटरप्टला तुम्ही तोच बफर प्रोग्रामला देऊन टाकता.

पूर्वी हे क्वचित घडत असेल, कारण बफर मिळाला नाही की इंटरप्टचे काम तिथेच संपत होते. आता दर फ्रेमला रजिस्टर लिहिले जाते.

उपाय असा. इंटरप्टमध्ये आल्यावर सर्वांत आधी कार्डाचे 'सध्याचा तक्ता' दाखवणारे रजिस्टर वाचा (ते नसेल तर फ्रेम-काउंटर). त्याने 'पुढचा' लॅच केलेला आहे आणि आता लिहिलेला पत्ता या फ्रेमला लागू झालेला नाही असे दिसले, तर पुढच्या खेपेला तो बफर पूर्ण म्हणून देऊ नका. 'चालू' म्हणून तसाच धरून ठेवा, सीक्वेन्स वाढवा आणि एक फ्रेम सोडून द्या. फ्रेम गळाली तर प्रोग्रामला फट दिसते. फाटलेली फ्रेम चांगली म्हणून गेली तर त्याला कळायला काहीच मार्ग नाही.

रजिस्टर लिहून झाल्यावर पुन्हा एकदा वाचा, कारण लॅच नेमका वाचन आणि लेखनाच्या मध्ये होऊ शकतो. आणि हे सगळे हार्ड इंटरप्टमध्येच करा. थ्रेडेड हँडलरमध्ये ०.८ मिलिसेकंदांची हमी मिळत नाही.

---

एबीआय_राखण:

चाचणीबद्दल थोडे, कारण 'चालते' आणि 'पूर्वीसारखे चालते' यात अंतर असते.

व्ही४एल२-कम्प्लायन्स स्ट्रीमिंग चाचण्यांसह चालवा, ताज्या सोर्समधून बांधलेले. ते नियम तपासते. तुमच्या बायनरीची सवय त्याला माहीत नाही. म्हणून त्या बायनरीचा ५.४ वरचा एसट्रेस जपून ठेवा आणि ६.१२ वरच्याशी ताडा: प्रत्येक कॉलचा परतावा, एरर-कोड, बफरचे फ्लॅग, लांबी. एरर-कोडला हलके घेऊ नका. डिसेंबर २०१२ मध्ये, ३.८ ची तयारी चालू असताना, मीडिया विभागातल्या एका बदलाने आयओसीटीएलमधून वेगळा एरर-कोड येऊ लागला आणि पल्सऑडिओसारखे प्रोग्राम अडले. दोष प्रोग्रामचा, ही बाजू लिनक्सचे जनक टोर्वाल्ड्स यांनी मुळीच मान्य केली नाही.

पोलही (नवी फ्रेम आली का हे विचारणारा कॉल) बघा. स्ट्रीमऑन (स्ट्रीम सुरू करण्याचा कॉल) झाले पण एकही क्यूबफ झालेला नाही, अशा वेळी व्हीबी२ पोलमधून एरर देते. ही पहिल्या व्हिडिओबफची (व्हीबी२ च्या आधीच्या लायब्ररीची) रीत, व्हीबी२ ने जुन्या प्रोग्रामांसाठी मुद्दाम एक खास फ्लॅग ठेवून जपलेली. तुमच्या ड्रायव्हरमध्ये स्वतःचे पोल-फंक्शन असेल तर ते काढून व्हीबी२ चेच लावा.

'मिन_क्यूड_बफर्स' १ झाल्याने एक फरक उरतो: पूर्वी दुसरा बफर रांगेत आल्यावर स्ट्रीम सुरू व्हायचा, आता पहिल्यावरच होईल. जुना प्रोग्राम दोन्ही क्यूबफ आधी आणि स्ट्रीमऑन नंतर करत असेल तर काही फरक नाही. उलट करत असेल तर सुरुवातीला सीक्वेन्समध्ये एखादी फट दिसेल.

---

फ्रेमपकड:

दोन्ही क्यूबफ आधी, स्ट्रीमऑन नंतर, असेच आहे. स्वतःचे पोल-फंक्शन नव्हते.

'सध्याचा तक्ता' रजिस्टर कार्डात आहे. लिहिण्याआधी आणि लिहिल्यानंतर असे दोनदा वाचल्यावर फाटणे थांबले. सगळे कोअर पूर्ण भारावर ठेवून १ तास, म्हणजे १,८०,००० फ्रेम, चालवले. सीक्वेन्समध्ये फटी आल्या, फाटलेली फ्रेम एकही नाही. दोन्ही एसट्रेसमध्ये आता वेळ आणि ऑफसेट सोडता फरक नाही. मेटाडेटा नोड पॅरामीटरच्या मागे, मूळ स्थिती बंद.